अक्षर कुठे धरावे आणि कुठे सोडावे

२४ जून १९९८ ही तारीख असलेली एक अधिसूचना रोमच्या धर्मसिद्धान्त-मंडळाच्या दप्तरातून बाहेर पडली, तेव्हा ज्यांच्या ग्रंथांविषयी ती काढण्यात आली होती ते फादर अँथनी डिमेलो हयात नव्हते. जून १९८७ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे आकस्मिक देहावसान होऊन अकरा वर्षे लोटली होती. अधिसूचनेवर स्वाक्षरी होती कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर यांची, जे पुढे २००५ साली सोळावे बेनेडिक्ट या नावाने पोपच्या आसनावर बसले. जगभर अनेक भाषांत वाचल्या जाणाऱ्या त्या ग्रंथांचे मूळ ज्या साधनेत होते, ती साधना आमच्या मावळ तालुक्यात, लोणावळ्याला वाढीस लागलेली. मुंबई-पुण्याच्या प्रवाशाला परिचित असलेल्या या गावाने ख्रिस्ती धर्मविचारातील एका अतिप्राचीन वादात असा वाटा उचलला आहे, ही गोष्ट मराठी वाचकाला फारशी ठाऊक नाही. आणि तो वाद केवळ ख्रिस्ती लोकांच्या घरचा नाही, म्हणून त्याची येथे काहीशी सविस्तर चर्चा करावी असे वाटते. शास्त्रवचनाचे अक्षर धरावे की त्याचा अंतरार्थ धरावा, हा तो वाद होय.

डिमेलो यांचा जन्म १९३१ सालचा, मुंबईचा. १९४७ साली, वयाची सोळा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, त्यांनी जेझुइट संघात प्रवेश केला. बार्सिलोना येथे तत्त्वज्ञानाचे, शिकागो येथे मानसशास्त्राचे आणि रोम येथे अध्यात्मशास्त्राचे अध्ययन केले. आणि १९७० नंतरच्या दशकात पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात ‘साधना’ या नावाची संस्था सुरू करून पुढे ती लोणावळ्याला आणली. देशोदेशींचे धर्मगुरू आणि धर्मभगिनी तेथे काही महिने राहत, प्रार्थना म्हणजे काय हे पहिल्यापासून शिकत, आणि आपापल्या मुलखात परतून तेच इतरांना शिकवीत. ‘साधना’ याच नावाचा त्यांचा ग्रंथ १९७८ साली प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती साधनेचे पाठ पौर्वात्य रूपात देण्याचा आपला हेतू त्यांनी त्या ग्रंथाच्या उपशीर्षकातच उघडपणे सांगून टाकला आहे.

त्या पाठांपैकी अगदी आरंभीचा एक पाठ पाहण्यासारखा आहे. साधकाने स्वस्थ बसावे, डोळे मिटावेत, आणि अंगावरच्या वस्त्राचा खांद्याला होणारा स्पर्श, मग पाठीला होणारा वस्त्राचा किंवा खुर्चीचा स्पर्श, मग एकमेकांवर टेकलेल्या हातांचा स्पर्श, असे एकामागून एक स्पर्श नुसते जाणवून घ्यावेत. त्यांच्याविषयी विचार करू नये. देवाचे नाव नाही, शास्त्राचे वचन नाही. पण हा केवळ उंबरठा आहे. मन असे स्थिर झाल्यावर पुढच्या पाठांत साधकाला शुभवर्तमानातील एखाद्या प्रसंगात प्रत्यक्ष प्रवेश करावयास सांगितले जाते. आणि ही रीत डिमेलो यांनी कोठून बाहेरून आणलेली नाही, ती त्यांच्या संघाचे संस्थापक लोयोलाचे संत इग्नेशियस यांच्या सोळाव्या शतकातील ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथातली आहे. नासरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता डोळ्यांपुढे आणा, असे इग्नेशियस सांगतात: तो किती लांब आहे, किती रुंद आहे, सपाटीवरून जातो की दऱ्याखोऱ्यांतून, जन्माची ती गुहा केवढी आहे, तिचे छत ठेंगणे आहे की उंच. ज्याने पावसाळ्यात बोरघाट पायी चढलेला आहे, ज्याच्या पोटऱ्यांना त्या चढणीची ओळख आहे, त्याला दिवस भरलेल्या मरियेचा तो प्रवास पंडिताच्या टिपणीवाचून कळतो. वचनाचे अक्षर येथे टाकलेले नाही आणि अक्षराशी अडूनही बसलेले नाही; अक्षरातून आत जाऊन तेथे काही काळ राहण्याची ही विद्या आहे, आणि लोणावळ्याने जगाला दिलेले उत्तम ते हेच, असे माझे मत आहे.

मग रोमचा आक्षेप कशाला होता? अधिसूचनेने आरंभीच्या ग्रंथांना मोठा दोष दिलेला नाही; बौद्ध आणि ताओ विचारांची छाया असूनही ते ख्रिस्ती अध्यात्माच्या रेषेत राहतात, असे तिने मान्य केले आहे. आक्षेप आहे तो प्रामुख्याने पुढच्या ग्रंथांना. त्यांत ख्रिस्ताच्या ठायी झालेल्या ईश्वरी प्रकटीकरणाची जागा एका निराकार, नामरूपरहित अनुभवाने घेतली जाते. ईश्वराविषयी काही बोलताच येत नाही असे म्हटले जाते. येशू हा इतर सद्गुरूंच्या पंक्तीतील एक जागृत गुरू होऊन बसतो. आणि धर्मग्रंथ, त्यात बायबलही आले, माणसाला सत्याकडे नेण्याऐवजी त्याची विवेकबुद्धी बधिर करतात अशी भूमिका घेतली जाते, असे तिचे म्हणणे. या मजकुरावर संतापून उठणारे लोक पुष्कळ निघाले. मलाही ज्याची कैफियत घेणे आता शक्य नाही अशा माणसाच्या ग्रंथांवर मरणोत्तर निवाडा देण्याची ही पद्धत रुचत नाही. विशेषतः डिमेलो यांच्या नावावरील काही पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर, भाषणांच्या ध्वनिमुद्रणांवरून इतरांनी सिद्ध केलेली आहेत, तेव्हा त्यांतील शब्दाशब्दाचा जाबसाल लेखकाला विचारणे न्याय्य नव्हते. तथापि आक्षेपाच्या मुळाशी एक खरा प्रश्न आहे आणि तो रोषाने उडवून लावण्याजोगा नाही. वचनाच्या पलीकडे जाता जाता वचनच हरवले तर मागे काय उरते?

या प्रश्नाचा विचार करताना प्रथम शुभवर्तमानाकडेच जावे. तेथे अक्षरार्थ धरून फसलेल्या माणसांची एक मालिकाच आहे, आणि योहानाने तर ती जाणीवपूर्वक गुंफली असावी. नव्याने जन्म घेतला पाहिजे असे ऐकल्यावर निकदेम हा विद्वान परूशी विचारतो की, म्हाताऱ्या माणसाने आईच्या उदरात पुन्हा कसे शिरावे. जिवंत पाण्याची गोष्ट निघताच विहिरीवरची शोमरोनी स्त्री पोहरा कुठे आहे याची चौकशी करते. परूश्यांच्या खमिराविषयी जपा असे गुरूने सांगितले तर शिष्यांना वाटते की आपण भाकरी आणायला विसरलो त्याबद्दल हे बोलणे आहे. पुढे पौलाने करिंथकरांस लिहिताना अक्षर आणि आत्मा यांचा जो विरोध मांडला आणि गलतीकरांस लिहिताना हागार व सारा या अब्राहामाच्या घरातील दोन स्त्रियांना दोन करारांची प्रतीके बनवले, त्यामुळे अंतरार्थाच्या मार्गावर प्रेषिताची मोहोरच उमटली. तिसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने त्या मार्गाचा राजरस्ता केला. शास्त्राला देह आहे, जीव आहे आणि आत्मा आहे, हे त्याचे सूत्र. आणि तरीही इतिहासकार युसेबियस सांगतो की याच ओरिजेनने तरुणपणी मत्तयाच्या शुभवर्तमानातील नपुंसकत्वाविषयीचे एक वचन अक्षरशः घेऊन स्वतःच्या देहाची कायमची हानी करून घेतली. हा वृत्तान्त खरा की नाही याबद्दल पंडितांत मतभेद आहेत. परंतु अक्षराने घडवलेले अनर्थ सिद्ध करण्यास या वृत्तान्ताची गरजही नाही. विसाव्या शतकात अमेरिकेच्या डोंगराळ भागात मार्काच्या शुभवर्तमानाच्या अखेरच्या ओळी अक्षरशः घेऊन उपासनेत विषारी सर्प हाताळणारा एक पंथ निघाला, आणि त्याचा अग्रणी जॉर्ज हेन्सली १९५५ साली सर्पदंशानेच मरण पावला.

इतके झाल्यावर कोणीही म्हणेल की मग वाद संपला, अंतरार्थच खरा. वाद संपत नाही, तो इथून पुढे अवघड होतो.

लूकाच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दृष्टांत घ्या. यरुशलेमहून यरीहोला उतरणारा एक माणूस चोरांच्या हाती सापडतो. ते त्याला लुबाडून, मारून, अर्धमेला करून टाकतात. याजक पाहून निघून जातो, लेवी पाहून निघून जातो. आणि ज्याचा यहूदी लोक विटाळ मानीत असा शोमरोनी थांबतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्या बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि मालकाच्या हातावर दोन नाणी ठेवतो. संत ऑगस्टिन हे पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्मविचाराचे आद्य आचार्य म्हणावेत इतके मोठे. त्यांनी या गोष्टीचा अंतरार्थ लावला तो असा की, तो प्रवासी म्हणजे आदाम. यरुशलेम म्हणजे ज्या स्वर्गीय नगरीतून तो भ्रष्ट झाला ती. चोर म्हणजे सैतान आणि त्याचे दूत. याजक आणि लेवी म्हणजे जुन्या कराराचे पौरोहित्य. शोमरोनी म्हणजे साक्षात ख्रिस्त. जनावर म्हणजे त्याने धारण केलेला मानवी देह. उतारशाळा म्हणजे ख्रिस्तसभा. दोन नाणी म्हणजे प्रीतीच्या दोन आज्ञा. आणि उतारशाळेचा मालक म्हणजे प्रेषित पौल. या रचनेची कुशलता कोणालाही मान्य करावी लागेल, आणि आधीच प्रीतीने भरलेल्या अंतःकरणाला तिच्यातून भक्तीचा लाभही होईल. परंतु दृष्टांत मुळात सांगितला गेला तो ‘माझा शेजारी कोण?’ या एका शास्त्र्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून, आणि त्याच्या शेवटी येशूने त्या शास्त्र्याला, जा आणि तूही तसेच कर, अशा आशयाची अत्यंत साधी आज्ञा दिली. प्रत्येक वस्तूला गूढ नाव मिळाले की रस्त्यावर रक्ताळून पडलेला माणूस दिसेनासा होतो, आणि आज्ञा ऐकणाऱ्याच्या कानाआड जाते.

माझे म्हणणे आहे ते येथेच. वचनांत जे रहस्याचे बोलणे आहे, जन्म, पाणी, भाकर, प्रकाश, सृष्टीचे सहा दिवस, तेथे अक्षराला चिकटून बसणारे लोक, जे करण्याचे बोलणे आहे, भुकेल्यास जेवू घाला, परक्यास घरात घ्या, तुरुंगातल्याची विचारपूस करा, तेथे मात्र एकाएकी मोठे अध्यात्मवादी होतात. सूर्य यहोशवासाठी खरोखरच थांबला होता, यावर त्यांचा कटाक्ष असतो; आपली मालमत्ता विकून गरिबांना देण्याची आज्ञा मात्र त्यांना अलंकारिक वाटते. अक्षर आणि आत्मा यांची ही जी उलटापालट होते, तिचे मूळ बुद्धीच्या दोषात फार थोडे असते. ते असते सोयीत. सूर्य थांबला असे मानायला कोणाची काही किंमत पडत नाही.

याच्या उलट, करण्याचे वचन ज्यांनी अक्षरशः घेतले त्यांनी इतिहास बदलला. श्रीमंत तरुणाला येशूने केलेला उपदेश देवळात वाचला जात असताना कानी पडला म्हणून ईजिप्तच्या अँथनीने वतनाची जमीन सोडली, आणि त्यातून ख्रिस्ती संन्यासाची परंपरा उभी राहिली. असिसीच्या फ्रान्सिसने प्रेषितांना दिलेली आज्ञा ऐकली, आणि पायातले जोडे तिथेच काढून टाकले. दूर कशाला, आमच्याच जिल्ह्यात, दौंडच्या वाटेवर केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे. स्वतःचे आईवडील दुष्काळात अन्नावाचून गमावलेल्या या विदुषीने १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन, आणि पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातकडील, शेकडो निराधार मुली आणि स्त्रिया आणून पोटाशी धरल्या. ती बाई काही भोळी नव्हती. इंग्लंडात असताना त्रैक्याच्या सिद्धान्तावर आपल्या गुरुस्थानीच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी तिने पत्रांतून निकराचा वाद केला, कोणत्याही पंथाचा हुकूम म्हणून मी काही मानणार नाही, ग्रंथ स्वतः वाचून मानीन, हा आग्रह शेवटपर्यंत सोडला नाही, आणि उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम १९२२ साली मृत्यूच्या आधी पुरे केले. ते १९२४ साली छापून निघाले. शास्त्राच्या अर्थाविषयी इतकी चिकित्सक असलेली ही स्त्री भुकेल्यास जेवू घालण्याच्या आज्ञेपुढे मात्र अर्थ विचारीत बसली नाही. कोणते वचन कोणत्या रीतीने घ्यावे याचा निकाल तिने मराठी ख्रिस्ती समाजापुढे आपल्या आयुष्याने घालून दिला आहे.

हिंदू वाचकाने यावर, ही ख्रिस्त्यांची भानगड आहे, असे म्हणून पान उलटू नये. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर प्रतिष्ठित मंडळी गेली असता त्यांच्यापुढे चहा आला, आणि एवढ्या एका पेल्यावरून ग्रामण्य माजून फिर्याद शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेली, प्रायश्चित्ते झाली. अक्षराची ही सत्ता कोणत्याही एका धर्माची मिरास नाही. तिच्याविरुद्ध उभे राहण्याची परंपराही तशी एकाच धर्माची नाही, आणि मावळच्या मातीत तर ती खोल रुजलेली आहे. लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी ज्या देहूला जाते, तेथल्या एका वाणीकाम करणाऱ्या कुणब्याने, ज्याला वेदांचे अक्षर उच्चारण्याचा अधिकार नव्हता, वेदांचा अर्थ आपल्याच हाती असल्याचे निर्भयपणे सांगितले. आणि आमच्या तालुक्यातील भंडाऱ्याच्या डोंगरावर एकान्तात बसून त्याने तो अर्थ मिळवला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हाती एका युरोपियन सहप्रवाशाने रेल्वेच्या डब्यात नवा करार ठेवला, डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले, आणि १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पण आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते स्वतः म्हणत. हे उद्गार नुसत्या कवीच्या सौजन्याचे नाहीत. अर्थाला अनुभवाची रुजवात लागते, हे तुकोबांनी त्यांना आधीच शिकवून ठेवले होते, म्हणून प्रवचन वाचताना ते कोणत्या दृष्टीने वाचावे हा प्रश्न त्यांना पडला नाही.

आता पुन्हा रोमकडे येऊ. ख्रिस्तसभेला अक्षराचे वेड आहे असे समजणे अन्यायाचे होईल. १६१६ साली रोमने कोपर्निकसच्या ग्रंथाला शास्त्रविरोधी म्हणून अटकाव केला हे खरे. परंतु त्याच वर्षी गोव्यात रायतूरच्या छापखान्यात फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइटाचे ख्रिस्तपुराण निघाले, आणि त्यात संपूर्ण बायबलकथा मराठी ओवीत, पुराणाच्या थाटात, येथल्या श्रोत्याच्या अंतःकरणाला कळेल अशा रूपात अवतरली. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस याने, शास्त्राचे सर्व गूढार्थ अक्षरार्थाच्या पायावर उभे असले पाहिजेत, पण लेखकाने रूपक योजले असेल तर ते रूपकच त्याचा अक्षरार्थ होय, असा समंजस नियम घालून ठेवला आहे. १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेने, बायबलातील इतिहास, काव्य, भविष्यवाणी हे निरनिराळे वाङ्मयप्रकार ओळखूनच त्याचा अर्थ लावावा, असे स्पष्ट म्हटले. आणि १९९३ साली, म्हणजे डिमेलोविषयक अधिसूचनेच्या अवघी पाच वर्षे आधी, ज्या बायबल-आयोगाचे अध्यक्षपद याच कार्डिनल रॅट्झिंगर यांच्याकडे होते, त्याने मूलतत्त्ववादी शब्दनिष्ठ वाचनाची अत्यंत कडक शब्दांत निर्भर्त्सना केली. एका टोकाला शब्दनिष्ठा आणि दुसऱ्या टोकाला शब्दाचा लोप, दोन्हींवर त्याच अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली बोट ठेवले गेले, ही गोष्ट डिमेलो यांच्या चाहत्यांनीही प्रामाणिकपणे ध्यानात घ्यावी.

डिमेलो यांच्याविषयी माझा निवाडा असा आहे. खांद्यावरच्या वस्त्राच्या स्पर्शापासून बेथलेहेमच्या रस्त्यापर्यंत नेणारे डिमेलो हे विसाव्या शतकातील ख्रिस्ती साधनेच्या थोर आचार्यांपैकी एक आहेत, आणि त्यांच्या छोट्या छोट्या बोधकथांना सिद्धान्ताच्या तराजूत घालणे म्हणजे दृष्टांताला कायद्याचे कलम समजण्यासारखे आहे; ती चूक रोमने केली. सुफी, झेन, यहूदी, हिंदू अशा सर्व घरच्या कथा त्यांनी एकत्र केल्या त्या श्रोत्याला हलवण्यासाठी, त्याला नवी श्रद्धासंहिता देण्यासाठी नव्हे. पुढील आवृत्त्यांत प्रकाशकांनी, ही पुस्तके अनेक धर्मांच्या वाचकांना साह्य म्हणून लिहिली गेली, कॅथोलिक सिद्धान्ताची पाठ्यपुस्तके म्हणून नव्हेत, असा खुलासा छापला तो योग्यच होता. परंतु उत्तरकालीन भाषणांत सर्व प्रतिमा, सर्व नावे, सर्व वचने गळून पडावीत असा जो सूर लागतो, तो मात्र मला पटत नाही. ज्याने सर्व वचने टाकली त्याच्याजवळ, जा आणि तूही तसेच कर, हे वचनही उरत नाही. आणि मग जागृतीचा अनुभव कितीही शुद्ध असला तरी यरीहोच्या रस्त्यावरचा जखमी तसाच पडून राहण्याचा धोका असतो. ऑगस्टिनच्या रूपकाने जो अपाय होतो तोच निराकाराच्या अतिरेकानेही होऊ शकतो. या एका मुद्द्यावर रोमची चिंता अस्थानी नव्हती.

आजच्या दिवसांत याची निकड वाढली आहे. दूरचित्रवाणीवरून आणि भ्रमणध्वनीवरून घराघरांत पोहोचणारे उपदेशक प्रकटीकरणाच्या पुस्तकातील शिक्के आणि कर्णे आजच्या युद्धांना जोडून जगाच्या अंताचे वेळापत्रक सांगतात. दुसरीकडे सुशिक्षित वाचक येशूच्या प्रत्येक वचनाला मनःशांतीचे औषध समजून घोटभर घेतो आणि बाजूला ठेवतो. दोघांनाही थांबवण्यासाठी मराठीत वाङ्मय आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ तर अखिल मराठी वाचकांसाठी लिहिलेले आहे, आणि त्यांनाच २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद देऊन महाराष्ट्राने त्या कार्याचा गौरवही केला. लोणावळ्याच्या या प्रकरणाचा मात्र मराठीतून साधकबाधक विचार झाला पाहिजे. म्हणून पुण्याच्या कॅथोलिक धर्मप्रांताला आणि नगर रस्त्यावरील ज्ञानदीप विद्यापीठाला माझी विनंती आहे: डिमेलो यांचा ‘साधना’ ग्रंथ, १९९८ ची अधिसूचना आणि तिच्यासोबतची स्पष्टीकरणाची टिपणी, ही तिन्ही एकाच बांधणीत, पदरच्या सविस्तर प्रस्तावनेसह मराठीत प्रसिद्ध करावीत, आणि त्या पुस्तकाची एक प्रत मावळातील प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात ठेवण्याची तजवीज करावी.